समजून घ्या : रेंज येते-जाते, तरी निरोप पोचतो कसा?

फॉर्म भरला, फोटो जोडले, ‘सबमिट’ दाबलं आणि ते गोल चक्र फिरतच राहिलं. दोन मिनिटांनी उत्तर आलं : ‘पुन्हा प्रयत्न करा’. मग फोन हातात धरून टेकडीवर, नाहीतर गच्चीच्या कोपऱ्यात, नाहीतर फाट्यावर. डोंगरातल्या आणि जंगलाकडेच्या गावांना हे नवीन नाही. नंदुरबारचे अक्कलकुवा-धडगाव असोत, गडचिरोलीचे भामरागड-एटापल्ली असोत, की सह्याद्रीच्या घाटाखालच्या वाड्या असोत, अनेक ठिकाणी रेंज ‘आहे’ असंही नसतं आणि ‘नाही’ असंही नसतं. ती येते-जाते. लाईट गेली की थोड्या वेळानं टॉवरही बसतो.

आपण याला ‘नेट स्लो आहे’ म्हणतो. पण खरी अडचण वेगाची नाही, वाट मधेच तुटण्याची आहे. आणि तुटक्या वाटेवरून माहिती कशी न्यायची, यावर जगात गेली वीस-पंचवीस वर्षं काम झालं आहे. त्यातला एक महत्त्वाचा प्रयोग तर शेजारच्या कर्नाटकात, साध्या एसटीसारख्या बसवर झाला. ही पद्धत नेमकी काय आहे, ती आपल्या खिशातल्या फोनमध्ये कुठे दडलेली आहे आणि तिचा उपयोग करून आपली कामं कशी वाचवायची, ते बघू.

नेहमीचं इंटरनेट कुठे अडतं?

इंटरनेटवर कोणतीही गोष्ट अख्खी जात नाही. 2 एमबीचा एक फोटो पाठवला, तर त्याचे हजार-दीड हजार बारीक तुकडे होतात. प्रत्येक तुकडा फोनमधून टॉवरकडे, टॉवरवरून कंपनीच्या यंत्रणेत आणि तिथून पलीकडच्या मोठ्या संगणकापर्यंत, म्हणजे सर्व्हरपर्यंत जातो. सर्व्हर उलट निरोप देतो : ‘मिळाला, पुढचा पाठव’. हे सगळं काही क्षणांत होतं.

यासाठी एक अट असते. तुमच्या फोनपासून सर्व्हरपर्यंतची वाट त्या क्षणी अख्खी जोडलेली पाहिजे. मधला एक जरी सांधा निखळला, तरी तिथपर्यंत आलेला तुकडा कोणी जपून ठेवत नाही. मधली यंत्रं तो टाकून देतात. फोन काही वेळ पुन्हापुन्हा पाठवून बघतो आणि शेवटी हात टेकतो. म्हणून 90 टक्के चढलेला फोटो पुष्कळ वेळा पुन्हा शून्यापासून चढवावा लागतो.

म्हणजे नेहमीचं इंटरनेट फोनकॉलसारखं आहे. दोन्ही टोकं एकाच वेळी जोडलेली असली तरच बोलणं होणार.

दुसरी पद्धत : ठेवा, न्या, पुढे द्या

आता आपल्याकडची जुनी रीत आठवा. तालुक्याला शिकणाऱ्या मुलाचा डबा सकाळच्या एसटीनं जायचा. आई डबा कंडक्टरकडे द्यायची, तालुक्याच्या स्टँडवर पोरगा उतरवून घ्यायचा. गावात पेपरचा गठ्ठाही असाच यायचा. डबा निघाला तेव्हा पोरगा वर्गात असला तरी काही बिघडत नव्हतं. डबा बसमध्ये थांबायचा, बसबरोबर जायचा आणि माणूस भेटला की हातात पडायचा.

माहितीसाठीही हेच करता येतं. वाट आत्ता नसेल तर निरोप टाकून द्यायचा नाही, जपून ठेवायचा. जो कोणी पुढे जाणारा भेटेल, मग तो फोन असो, बस असो की मोटारसायकल, त्याच्याकडे सोपवायचा. तो पुढे कोणाला तरी देईल. असं टप्प्याटप्प्यानं, थांबत-थांबत निरोप मुक्कामी पोचतो. या पद्धतीला तंत्रज्ञ ‘डिले टॉलरंट नेटवर्किंग’ म्हणतात. म्हणजे उशीर सोसणारं नेटवर्क.

गंमत म्हणजे या कामाची सुरुवात गावासाठी नाही, अंतराळासाठी झाली. इंटरनेटच्या जनकांपैकी एक व्हिंट सर्फ आणि अमेरिकेच्या नासा संस्थेतले शास्त्रज्ञ 1998 च्या सुमाराला विचार करत होते, की ग्रहांमध्ये इंटरनेट कसं चालेल? पृथ्वीवरून मंगळावर संदेश जायलाच साधारण 3 ते 22 मिनिटं लागतात. ‘मिळाला, पुढचा पाठव’ हे तिथे चालणारच नाही. त्यात मंगळावरची गाडी बहुतेक माहिती डोक्यावरून जाणाऱ्या यानाला देते आणि ते यान ती पृथ्वीकडे पाठवतं. यान डोक्यावर येईपर्यंत माहिती गाडीतच थांबते.

2003 मध्ये केविन फॉल या संशोधकानं दाखवलं, की हीच अडचण पृथ्वीवरही आहे. दुर्गम गावं, समुद्रातल्या बोटी, रानातली जनावरं, अशा सगळ्या ठिकाणी वाट सलग नसते. म्हणून तोच उपाय इथेही चालेल.

कर्नाटकातली बस आणि कंबोडियातल्या मोटारसायकली

साधारण त्याच सुमाराला बंगळूरजवळच्या दोड्डबळ्ळापूर तालुक्यात एक प्रयोग झाला. नाव होतं ‘डाकनेट’. आपल्या ‘डाक’ या शब्दावरूनच. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमधले ॲलेक्स पेंटलंड, रिचर्ड फ्लेचर आणि अमीर हॅसन यांनी त्याची माहिती जानेवारी 2004 मध्ये प्रसिद्ध केली.

कर्नाटक सरकारनं ‘भूमी’ योजनेत जमिनीचे उतारे संगणकावर आणले होते. पण उतारा हवा तर तालुक्याला जावं लागायचं. प्रत्येक गावापर्यंत तार टाकायला पैसा आणि वेळ लागणार होता. मग यांनी काय केलं? रोज त्याच रस्त्यानं जाणाऱ्या सरकारी बसवर एक छोटं यंत्र बसवलं. त्यात माहिती साठवायची सोय आणि वायफाय. गावातल्या केंद्रात संगणक आणि वायफाय. बस गावात आली की दोन्ही यंत्रं आपोआप जोडली जायची. गावाच्या मागण्या बसमध्ये चढायच्या, गावासाठीची उत्तरं उतरायची. बस तालुक्याला पोचली की तिथे पुन्हा तसंच. ड्रायव्हरला काही करावं लागत नव्हतं, प्रवाशांना पत्ताही नसायचा.

बस केंद्राच्या टप्प्यात असायची सरासरी अडीच मिनिटं. तेवढ्यात एका बाजूनं सरासरी 20 एमबीच्या वर माहिती जायची. आज 20 एमबी म्हणजे एका छोट्या व्हिडिओएवढं वाटतं. पण हिशोब करून बघा. 500 अक्षरांचं मराठी पत्र फोनमध्ये साधारण दीड केबी जागा घेतं. म्हणजे 20 एमबीत अशी 13 हजारांच्या वर पत्रं मावतात. एका गावाच्या अर्जांना, उताऱ्यांना आणि दवाखान्याच्या रिपोर्टना एका फेरीत हे पुरून उरेल.

कंबोडिया देशाच्या रतनकिरी प्रांतात हेच काम मोटारसायकलींनी केलं. तिथे जंगल, कच्चे रस्ते आणि सौरऊर्जेवर चालणाऱ्या गावच्या शाळा. मोटारसायकलवाले सकाळी प्रांताच्या मुख्य गावातून निघायचे, शाळांपाशी जाऊन ईमेल द्यायचे-घ्यायचे आणि परत येऊन उपग्रहाच्या जोडणीवरून पुढे पाठवायचे. त्या गावांतली मुलं आणि आजारी माणसं बाहेरच्या शिक्षकांशी आणि डॉक्टरांशी अशी जोडली गेली. उत्तर यायला एखादा दिवस लागायचा, पण यायचं.

निरोप कोणाच्या हातात द्यायचा?

बसचं वेळापत्रक ठरलेलं असतं, म्हणून तिथे प्रश्न सोपा. पण वाहक जर माणसांच्या खिशातले फोन असतील तर? कोण कधी कुठे जाईल सांगता येत नाही. मग निरोप कोणाकडे द्यावा? यालाच तंत्रज्ञ ‘राऊटिंग’ म्हणतात, म्हणजे वाट ठरवणं. याच्या मुख्य तीन रीती आहेत. त्या समजायला समजा, तुमच्या वाडीत 30 फोन आहेत, रेंज नाही आणि एक निरोप तालुक्याला पोचवायचा आहे.

पहिली रीत : सगळ्यांना द्या. जो भेटेल त्याच्या फोनमध्ये निरोपाची प्रत टाकायची. तो ज्यांना भेटेल त्यांना तो देईल. साथ पसरते तसा निरोप पसरतो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या अमीन वाहदात आणि डेव्हिड बेकर यांनी 2000 मध्ये ही रीत मांडली, तिचं नावच ‘एपिडेमिक राऊटिंग’, म्हणजे साथीसारखं. फायदा असा, की 30 पैकी कोणीही तालुक्याला गेला तरी निरोप पोचणार. तोटा असा, की एका निरोपाच्या 30 प्रती झाल्या. प्रत्येकानं दहा-दहा निरोप पाठवले तर प्रत्येक फोनमध्ये 300. जागा भरली, बॅटरी बसली.

दुसरी रीत : मोजक्याच प्रती वाटा आणि थांबा. समजा फक्त चार प्रती काढल्या आणि पहिल्या भेटलेल्या चौघांना दिल्या. त्या चौघांनी पुढे वाटायच्या नाहीत. त्यांच्यापैकी जो तालुक्याला जाईल त्यानं द्यावा. 2005 मध्ये मांडलेल्या या रीतीचं नाव ‘स्प्रे अँड वेट’, म्हणजे शिंपडा आणि वाट बघा. बॅटरी वाचते. पण ते चौघे आठवडाभर वाडीतच राहिले तर निरोपही राहिला.

तिसरी रीत : जाणारा माणूस बघून द्या. आपण हे रोज करतो. तालुक्याला औषध आणायला सांगायचं तर दूधगाडीवाल्याला सांगतो, दोन वर्षांतून एकदा गाव सोडणाऱ्या आजोबांना नाही. फोनलाही हे शिकवता येतं. प्रत्येक फोन लक्षात ठेवतो, की आपण कोणाला किती वेळा भेटलो. रोज भेट झाली की गुण वाढतात, बरेच दिवस भेट नाही झाली की कमी होतात. शिवाय तुम्ही दूधगाडीवाल्याला रोज भेटता आणि तो तालुक्याला रोज जातो, म्हणून तुम्हालाही थोडे गुण मिळतात. निरोप नेहमी कमी गुणवाल्याकडून जास्त गुणवाल्याकडे सरकतो. स्वीडनमधल्या संशोधकांनी 2003 मध्ये ही रीत मांडली. तिथे उत्तरेकडे रेनडिअर पाळणारे सामी लोक कळपांबरोबर फिरत असतात आणि टॉवर लांब राहतात, त्यांच्यासाठी ही पद्धत वापरून पाहिली गेली.

जनावरांवरही हा प्रयोग झाला आहे. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या लोकांनी 2004 मध्ये केनियातल्या रानात झेब्र्यांच्या गळ्यात पट्टे बांधले. प्रत्येक पट्टा आपला झेब्रा कुठे फिरला याची नोंद ठेवायचा. दोन झेब्रे जवळ आले की पट्टे एकमेकांच्या नोंदी घ्यायचे. मग संशोधकाला रानभर प्रत्येक जनावर शोधत फिरायची गरज उरली नाही. एक झेब्रा गाडीजवळ आला तरी त्याच्याकडून इतरांचीही खबर मिळायची.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट : पोच

हातोहात निरोप जाणार म्हटलं की पहिला प्रश्न पडतो, मधेच हरवला तर? जबाबदार कोण?

आपल्याकडे यालाही उत्तर आहे : पोचपावती. तुम्ही कचेरीत अर्ज दिला आणि शिक्का मारलेली पोच घेतली, की अर्जाची जबाबदारी कचेरीवर आली. पोच मिळेपर्यंत ती तुमची. उशीर सोसणाऱ्या नेटवर्कच्या पहिल्या नियमांतच ही सोय ठेवली होती. निरोप घेणारा ‘आता हा माझ्या ताब्यात’ असं कळवत नाही, तोवर देणाऱ्यानं आपली प्रत पुसायची नाही.

याशिवाय प्रत्येक निरोपावर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात. एक, त्याची ओळख, म्हणजे तोच निरोप दोन वाटांनी पोचला तरी एकदाच धरला जातो. दुसरी, त्याची मुदत. ‘उद्या गारपिटीची शक्यता’ हा निरोप पुढच्या आठवड्यात पोचून काय उपयोग? मुदत संपली की तो आपोआप पुसला जातो.

ही पोचेची कल्पना नीट लक्षात ठेवा. रोजच्या कामात होणारं बरंच नुकसान इथेच होतं. आपण ‘पाठवलं’ म्हणतो, पण माहिती अजून आपल्याच फोनमध्ये पडून असते.

तुमच्या फोनमध्ये हे आधीच आहे

व्हॉट्सॲप बघा. रेंज नसताना मेसेज टाकला की बाजूला घड्याळ दिसतं. म्हणजे निरोप अजून तुमच्याच फोनमध्ये आहे. एक टिक आली म्हणजे व्हॉट्सॲपच्या सर्व्हरनं तो ताब्यात घेतला. दोन टिका म्हणजे समोरच्याच्या फोनमध्ये पोचला. समोरच्याचा फोन बंद असेल तर सर्व्हर तो 30 दिवसांपर्यंत धरून ठेवतो. त्यानंतर पुसून टाकतो. घड्याळ असताना ॲप काढून टाकलं, तर तो निरोप गेलाच समजा.

साधा एसएमएसही असाच आहे. समोरचा रेंजमध्ये नसेल तर कंपनीचं केंद्र मेसेज काही काळ धरून ठेवतं. शिवाय त्याला इंटरनेट लागत नाही, एखादी दांडी क्षणभर आली तरी तो निसटतो. फक्त लक्षात ठेवा, इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये 160 अक्षरं मावतात, देवनागरीत 70. त्यापुढे त्याचे दोन-तीन मेसेज होतात.

हरवलेला फोन किंवा किल्लीला लावलेला टॅग शोधायची ॲपल आणि गुगलची सोय तर सरळ ‘जाणाऱ्या माणसाकडे द्या’ याच धर्तीवर आहे. टॅगला स्वतःचं इंटरनेट नसतं. तो ब्लूटूथवर हाक देत राहतो. शेजारून जाणारा अनोळखी फोन ती हाक ऐकतो आणि नेट मिळालं की जागा कळवतो. ती माहिती कुलूपबंद असते, नेणाऱ्याला वाचता येत नाही.

आणि अनेक कामांची ॲप ‘ऑफलाइन’ चालतात. सर्वेक्षण करणारे, आशाताई, अंगणवाडीताई यांना हे माहीत आहे. शेतात किंवा घरोघरी माहिती भरायची, ती फोनमध्ये साठते आणि रेंजमध्ये आल्यावर चढते. इथे माहितीची बस म्हणजे तुम्ही स्वतः.

मग गावोगाव हे का नाही?

कल्पना चांगली असून ती सगळीकडे का पसरली नाही, याला कारणं आहेत.

एक, माणसं पुरेशी हवीत. एका फोनचं ब्लूटूथ काही मीटरच जातं. बाजारात, यात्रेत, कॉलेजात फोनला फोन भेटतात. हाँगकाँगमध्ये 2014 च्या आंदोलनात गर्दीतले लोक ‘फायरचॅट’ या ॲपवरून असे बोलत होते. पण विखुरलेल्या वाड्यांत दोन फोन दिवसभर भेटणार नाहीत आणि सगळ्यांकडे तेच ॲप असेल असंही नाही.

दोन, बॅटरी. सतत ‘कोणी आहे का’ म्हणून हाक मारणारा फोन लवकर उतरतो. जिथे लाईटच आठ-आठ तास नसते, तिथे दुसऱ्याच्या निरोपासाठी आपली बॅटरी कोण जाळणार?

तीन, भरवसा. निरोप अनोळखी फोनमधून जाणार, तर तो सीलबंद हवा. ‘ब्रिजफाय’ नावाचं असंच एक ॲप बरंच वापरात होतं. 2020 मध्ये लंडनच्या रॉयल हॉलोवे इथल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की त्यातले निरोप परक्याला वाचता येत होते आणि कोण कोणाशी बोलतो हेही कळत होतं. तेव्हा ‘नेटशिवाय चालतं’ एवढं ऐकून कुठलंही ॲप घेऊ नका.

चौथं कारण सगळ्यात साधं. टॉवर उभा राहिला की या सगळ्याची गरज कमी होते. टॉवरची मागणी सोडून द्यावी, असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. पण टॉवर असूनही वाट तुटते. 2020 च्या जूनमध्ये ‘निसर्ग’ वादळ आलं, तेव्हा रायगड आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर खांब पडले, वीज गेली, मोबाईल बंद पडले आणि बाहेरगावच्या नातेवाइकांना घरच्यांची खुशाली कळेना. तेव्हा माहिती माणसांबरोबर, गाड्यांबरोबरच गेली.

काय थांबू शकतं, काय नाही

हा फरक जिवावरचा आहे.

थांबू शकतं : अर्ज, सर्वेक्षण, पिकाचा फोटो, शाळेचा अभ्यास, बाजारभाव, दवाखान्याचा जुना रिपोर्ट, खुशालीचा निरोप. चार तासांनी पोचलं तरी चालतं.

थांबू शकत नाही : सर्पदंश, बाळंतपणाच्या कळा, अपघात. इथे व्हॉट्सॲपवर निरोप टाकून घड्याळाकडे बघत बसू नका. 108 किंवा 112 ला कॉल करा. स्क्रीनवर ‘फक्त आणीबाणी कॉल’ असं दिसत असेल तर 112 लावून बघा, दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून तो लागू शकतो. लागला नाही तर कॉल लागायची वाट बघू नका, गाडी काढा. एक माणूस पेशंटबरोबर आणि दुसरा रेंजच्या ठिकाणी, अशी विभागणी करा.

पैशाचंही तसंच. यूपीआयवर पैसे देताना खात्यात तेवढे पैसे आहेत का, हे बँक त्याच क्षणी तपासते. म्हणून नेहमीचा व्यवहार रेंजशिवाय अडकतो. अडकला तर लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका. आधी खात्याचा मेसेज किंवा व्यवहारांची यादी बघा. इंटरनेट नाही पण कॉलची रेंज आहे, अशा वेळी *99# वरून व्यवहार करता येतो.

तुम्ही काय करू शकता?

1. ‘सबमिट’ दाबणं म्हणजे पोच नाही. अर्ज क्रमांक किंवा ‘यशस्वी’ असा मेसेज आला तरच काम झालं. त्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

2. रेंजमध्ये आलात की ॲप उघडा आणि ‘बाकी’, ‘पेंडिंग’, ‘अपलोड’ असं जिथे लिहिलं असेल तिथे बघा. बॅटरी सेव्हर चालू असेल तर ॲप मागच्या मागे माहिती पाठवत नाही. काम होईपर्यंत तो बंद करा.

3. अपलोड बाकी असताना ॲप काढू नका, ‘डेटा क्लिअर’ करू नका, फोन रिसेट करू नका. ती माहिती जगात फक्त तुमच्या फोनमध्ये आहे.

4. फोनची तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा. चुकीच्या तारखेमुळे अनेक ॲप माहिती नाकारतात.

5. रेंज कमी असेल तर आधी मजकूर पाठवा, फोटो नंतर. व्हिडिओ तर फाट्यावर गेल्यावरच.

6. तालुक्याला गेलात की लागणाऱ्या गोष्टी उतरवून आणा. कोरे फॉर्म, उतारे, मुलांचे धडे, गुगल मॅपवरचा आपला भाग. हे सगळं नंतर नेटशिवाय उघडतं.

7. एका फोनवरून दुसऱ्या फोनवर फाइल द्यायला इंटरनेट लागत नाही. अँड्रॉइडमधलं ‘क्विक शेअर’ जवळच्या फोनला थेट देतं. तालुक्याला निघालेल्या शेजाऱ्याकडे अर्जाची फाइल अशी देता येते. पण आधार, बँक पासबुक असली कागदपत्रं फक्त भरवशाच्या माणसाकडेच द्या आणि ओटीपी कोणालाच नाही.

8. शेवटच्या तारखेवर विसंबू नका. तुमच्यासाठी शेवटची तारीख म्हणजे शेवटची रेंज मिळालेला दिवस.

ग्रामसभेत विचारायचे प्रश्न

रेंज नसलेल्या गावात आज थांबायचं काम माणूस करतो. म्हातारी बाई अंगठा लावायला तीन वेळा येते, मजूर रोज बुडवून टेकडी चढतो, ताई रात्री फाट्यावर जाऊन नोंदी चढवतात. तंत्र असं सांगतं, की यातली कितीतरी कामं अशी बसवता येतात, की थांबेल ती माहिती आणि माणूस आपल्या कामाला जाईल. वीस वर्षांपूर्वी एका बसनं आणि काही मोटारसायकलींनी ते करून दाखवलं आहे.

म्हणून गावात नवं ॲप किंवा नवी ऑनलाइन योजना आली, की ग्रामसेवक आणि अधिकाऱ्यांना चार प्रश्न विचारा :

- हे रेंज नसताना भरता येतं का?
- भरलेली माहिती फोनमध्ये किती दिवस टिकते?
- पोच कशी मिळते, आणि मराठीत मिळते का?
- मुदत मोजताना भरल्याची तारीख धरणार, की सर्व्हरला पोचल्याची?

शेवटचा प्रश्न जरूर विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. शेतकऱ्यानं 30 तारखेला शेतात उभं राहून नोंद केली आणि रेंजअभावी ती 2 तारखेला पोचली, तर तो मुदतीत धरायचा की नाही, हे आधीच ठरलेलं बरं.